कोपराच्या आतली जागा

भाची साताऱ्याहून आली ती एका पिशवीत कपडे आणि दुसऱ्या पिशवीत बाटल्या घेऊन. सांगलीत तिचं आठवडाभराचं प्रशिक्षण आहे, मुक्काम माझ्याकडे. पहिल्याच संध्याकाळी तिनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर, माझ्या मिसळणाच्या डब्याशेजारी, त्या बाटल्या ओळीनं मांडल्या. नायसिनामाइड, व्हिटॅमिन सी, सॅलिसिलिक ॲसिड, रेटिनॉल. सगळ्या बोटभर उंचीच्या, सगळ्यांना ड्रॉपर. लहानपणी आम्हाला कानात तेल घालायला अशी बाटली असायची.

"मावशी, आजपासून चारही सुरू करते. लग्नाला अठराच दिवस राहिलेत."

लग्न तिचं नाही, मैत्रिणीचं. पण ते महत्त्वाचं नाही. चारही एकदम का, विचारलं तर म्हणाली, "रीलमध्ये सगळ्या एकदमच लावतात की."

मला तिला हसता आलं नाही. हसायचा हक्क मी एकोणिसाव्या वर्षीच घालवून बसले आहे.

माझं माहेर साताऱ्याचं. अजिंक्यताऱ्यावरून येणारा हिवाळ्यातला कोरडा वारा ज्यांनी गालावर घेतला आहे त्यांना गाल उलणं म्हणजे काय ते सांगायला नको. त्यावर आमच्या घरी एकच इलाज होता. आत्ती कोकमतेलाचा पांढरा गोळा निखाऱ्याजवळ धरायची आणि पातळ झालेलं तेल गालांना, ओठांना, टाचांना चोळायची. हे तेल ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून नुसतं हातात धरून भागत नाही, थोडी ऊब द्यावी लागते. चेहऱ्यासाठी घरात ठेवलेली वस्तू म्हणाल तर तेवढीच. दिवाळीत उटणं, एरवी डाळीचं पीठ.

मग चुलतबहिणीचं लग्न ठरलं, मे महिन्यात. मी कुठल्याशा मासिकात वाचलं, की लिंबाच्या रसानं रंग उजळतो. अर्धं लिंबू चेहऱ्यावर चोळलं, लवकर गुण यावा म्हणून त्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा घासला, आणि तशीच गच्चीवर कुरडया राखायला जाऊन बसले. दुपारपर्यंत गाल लाल झाले, दोन दिवसांत त्यावर तपकिरी पट्टे उमटले. ते पट्टे घेऊन मी लग्नात मिरवले आणि दसऱ्यापर्यंत वागवले. आत्ती म्हणाली, "भाजल्याली वांगी बरी दिसत्यात की गं." नंतर जवळ बसवून विचारलं, "आधी हाताला लावून बघिटलं हुतंस का?"

नव्हतं बघितलं. घरचं लिंबू, त्याला काय बघायचं, असंच मला वाटलं होतं.

लिंबानं काय केलं ते पुष्कळ वर्षांनी कळलं. लिंबासारख्या फळांच्या सालीत आणि रसात काही द्रव्यं अशी असतात, की ती कातडीवर असताना ऊन लागलं तर कातडी भाजते आणि मागे डाग राहतो. शिवाय आपली त्वचा किंचित आंबट असते, सामू साधारण पाचच्या आसपास. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या जवळपास. पाच आणि दोन यांत तीनचाच फरक दिसतो, पण सामूच्या मोजपट्टीत प्रत्येक पायरी दहापटीची असते. म्हणजे मी गालांवर त्यांच्या सवयीपेक्षा हजारपट आंबट पदार्थ चोळला होता, आणि वर दुसऱ्या टोकाचा सोडा. मासिकात हे नव्हतं. असतं तरी मी वाचलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

तर बाटल्यांच्या त्या ओळीसमोर मी भाचीला उपदेश केला नाही. म्हटलं, आधी एक गंमत बघू. जुना पांढरा रुमाल घेतला, हळद पाण्यात कालवून त्यावर पिवळे ठिपके काढले. एका ठिपक्यावर अंगाचा साबण ओला करून घासला. ठिपका तांबूस-तपकिरी झाला. हे प्रत्येक गृहिणीला माहीत असतं, हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो आणि जीव घाबरा होतो. हळकुंडाचं कुंकू करतात त्यातही खाराचाच हात असतो. दुसऱ्या ठिपक्यावर भाचीचा फेसवॉश चोळला. पिवळा तो पिवळाच. तिसऱ्यावर सोड्याचं पाणी टाकलं, पुन्हा लाल. त्या लालावर लिंबू पिळलं, की परत पिवळा.

भाची ओट्यावर चढून बसली. "हे भारी आहे. म्हणजे साबण खारट?"

खारट नाही, खारा. अंगाच्या साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात असतो, म्हणून तोंड धुतल्यावर ताणल्यासारखं वाटतं. तिचा फेसवॉश साबण नव्हताच, त्यामुळे हळद जागची हलली नाही. बारा रुपयांच्या हळदीनं तिच्या साडेतीनशेच्या फेसवॉशला दिलेलं हे प्रमाणपत्र. मला त्या बाटल्यांचा राग आहे असं कुणी समजू नये. आत्तीच्या कोकमतेलाइतकीच ती बाटलीही आपलं काम करते. चाचणी फक्त दोघांची व्हायला हवी.

आणि हळदीची तरी होते का? सांगलीत राहून हळदीबद्दल वाकडं बोलणं म्हणजे पंढरपुरात राहून बुक्क्याला नावं ठेवणं. पण बोलते. मार्केट यार्डात सौद्याला आलेला व्यापारी पोत्यातून हळकुंड काढतो, मोडतो, मोडताना आवाज कसा येतो ते ऐकतो, आतला रंग बघतो आणि मग बोली बोलतो. राजापुरी आहे की सेलम, नीट शिजली आहे की कच्ची राहिली, हे त्याला त्या मोडीत कळतं. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रानं नवे वाण काढले तेही वर्षानुवर्षं शेतात लावून, मोजून. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते काही तिच्या नावाच्या मोहिनीवर नाही, माती, साठवण, रंग यांचे पुरावे मांडून. सगळीकडे पारख. आणि तीच हळद पुडीतून घरी आली, की आम्ही ती सायीत कालवतो आणि थेट तोंडाला फासतो. पुडीतल्या हळदीत रंगासाठी मेटॅनिल यलो किंवा शिशाचा क्रोमेट मिसळण्याचे प्रकार देशात पुन्हा पुन्हा सापडले आहेत. पोटात जाणारी हळद आम्ही निदान जाणत्या दुकानातून घेतो. तोंडाला लावायची म्हणजे 'ती काय, कुठलीही चालते'.

माझे सासरे हरिपूरच्या पेवांची गोष्ट सांगायचे. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव, सांगलीपासून चारेक किलोमीटरवर. तिथली माती इतकी घट्ट, की जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असे खड्डे खणून त्यात हळद साठवायचे. वर्षानुवर्षं कीड लागत नसे. कारण साधं, आत ताजी हवाच जात नाही. मग हळद काढायच्या वेळी काय करायचं? पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरायचं नाही. तोंड मोकळं ठेवायचं, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मग दोरीला बांधून कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. तेवत राहिला तरच माणूस उतरणार. बाजार चढा असो, गाडी दारात उभी असो, कंदिलाचं मत घेतल्याशिवाय पाऊल नाही. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत पुष्कळ पेवांत पाणी शिरलं, आता बराचसा माल गोदामांत आणि शीतगृहांत असतो. पेवं गेली तशी ही थांबायची रीतही कमी झाली असावी, असं मला उगाचच वाटतं. उगाचच, कारण एकोणिसाव्या वर्षी मी कुठे थांबले होते! तेव्हा तर पेवं भरलेली होती.

हळदीच्या बाजूनंही बोललं पाहिजे. जखमेवर हळद दाबायची हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला याच गोष्टीचं पेटंट मिळालं, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. डॉ. रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी सीएसआयआरचे प्रमुख झाले. त्यांच्या संस्थेनं आव्हान दिलं, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्याला ही गोष्ट 'हळद जिंकली' एवढीच आठवते. पण 'आमच्या आजीला माहीत होतं' एवढं सांगून पेटंट रद्द झालं नव्हतं. जुने ग्रंथ, १९५३ सालचा एका वैद्यकीय नियतकालिकातला लेख, असे छापील पुरावे पुढे ठेवावे लागले. आणि ते सगळे जखमेबद्दल होते. गोरं होण्याबद्दल कुणी काही पुढे ठेवलं नव्हतं.

गोरं होणं. इथे गाडी येऊन थांबतेच. १९७५ च्या सुमारास आपल्या घरांत दोन ट्यूबा आल्या. एक पिवळी, परळमध्ये उभ्या राहिलेल्या पेंढरकरांच्या विकोची, हळदीची. ते औषध की प्रसाधन, यावर अबकारी खात्याशी झालेला वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दुसरी होती फेअर अँड लव्हली. तिच्या नावातला 'फेअर' जायला २०२० साल उजाडावं लागलं. आमच्या घरी दोन्ही होत्या, आणि खरं सांगायचं तर दोन्हींकडून अपेक्षा एकच होती. पिवळ्या ट्यूबनंही आम्हाला पांढरंच करावं, असा आमचा हट्ट.

लग्नात हळद लावतात ती गोरं करायला, असं आता बिनदिक्कत सांगितलं जातं. नवऱ्याच्या अंगाची उष्टी हळद नवरीला लागते त्यात रंग उजळण्याचा संबंध कुठून आला? ती दोन घरांची गोष्ट आहे. कराडजवळ पालीच्या खंडोबाच्या यात्रेत पौषात एकदा जाऊन बघावं. भंडाऱ्यानं तारळी नदीचा काठ, देवळाची पायरी, पोलिसाची टोपी, बैलाची शिंगं सगळं पिवळं. काळा-गोरा ओळखू येत नाही. घरी येऊन सगळे साबण लावतात आणि बादलीतलं पाणी लाल होतं.

भाचीला हे सगळं सांगत नव्हते, भीती नको. पण एक गोष्ट सांगितली. आमच्या गल्लीतल्या एका सुनेला मुरुमांसाठी औषधाच्या दुकानातून कुणीतरी एक ट्यूब दिली. आठ दिवसांत चेहरा काचेसारखा. शेजारणींनी नाव विचारून घेतलं. ती ट्यूब ती दोन वर्षं लावत राहिली, कारण बंद केली की आग व्हायची. नंतर उन्हात गेलं की चेहरा लालबुंद, गालांवर बारीक शिरा, हनुवटीवर लव. शेवटी मिरजेला दाखवलं. मिरज हे दवाखान्यांचं गाव, वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली रुग्णालय काढल्यापासून आमच्याकडे 'मिरजेला दाखवलं का' हाच शेवटचा प्रश्न असतो. तिथल्या डॉक्टरांनी ट्यूब बघूनच सांगितलं, यात स्टेरॉइड आहे. ते खाजेवर, इसबावर, डॉक्टर सांगतील तितके दिवस लावायचं औषध, मेकअपचं सामान नव्हे. सरकारनं २०१८ मध्ये अशा १४ स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. चिठ्ठी मात्र कोण मागतं?

भाचीनं लगेच आपल्या चारही बाटल्यांची घटकद्रव्यं वाचून काढली. स्टेरॉइड नव्हतं. तिला हायसं वाटलं आणि मला तिचं कौतुक वाटलं, कारण मी तिच्या वयाची असताना लिंबावर घटकद्रव्यं छापलेली नव्हती.

मग आम्ही दोघींनी हिशोब मांडला. चार बाटल्या आज एकदम सुरू केल्या आणि परवा पुरळ आलं, तर कुणामुळे आलं? स्वयंपाकघरात चार जणी असताना दूध उतू गेलं की काय होतं ते तिला ठाऊक आहे, तिची आई आणि तीन काकू एकाच घरात नांदल्या. म्हणून एका वेळी एकच. दुसरं म्हणजे, कातडीचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढेल तसे जास्तच. अठरा दिवसांत बाटलीनं कितीही मनावर घेतलं तरी कातडी आपल्या चालीनंच चालणार. तिसरं, ॲलर्जी लगेच येत नाही. ती पुष्कळदा दोन-तीन दिवसांनी उगवते, आणि पहिल्यांदाच होत असेल तर त्याहून उशिरा. त्यामुळे रात्री लावलं, सकाळी काही झालं नाही, म्हणजे पास, असं नसतं. केसांच्या काळ्या रंगात आणि 'काळ्या मेंदी'त जे पीपीडी नावाचं द्रव्य असतं, त्यानं पोळलेल्या बायका 'मागच्या वेळी तर काही झालं नव्हतं' असंच सांगतात. मागच्या वेळी शरीरानं नुसती नोंद घेतलेली असते.

अशी ॲलर्जी ओळखायची एक चाचणी याडासोन नावाच्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञानं १८९५ साली जगापुढे ठेवली. संशयित पदार्थ कातडीच्या लहानशा भागावर लावायचा आणि थांबायचं. दवाखान्यात ती पाठीवर पट्ट्या चिकटवून करतात. घरी करायची रीत सोपी: कोपराच्या आतल्या मऊ जागेवर, नाण्याएवढ्या भागात, दिवसातून दोनदा, आठवडाभर. लालसरपणा, खाज, पुळ्या आल्या तर बाटली बंद. टिकल्यांचंही तसंच. काही टिकल्यांच्या मागच्या डिंकातल्या रसायनानं कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. आपण टिकली बदलतो, पण तिच्याकडे संशयानं बघायचं आपल्या मनात येत नाही.

एक बाटली मात्र मी तिला लगेच लाव म्हटलं, सनस्क्रीनची. ती वेगळ्या पिशवीत होती, कारण 'ती काय, नुसती उन्हाची'. या जिल्ह्यात त्वचेची खरी काळजी कोण घेतं ते बघायचं तर तासगावच्या द्राक्षबागांत जावं. बायका साडीवर पुरुषांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला-तोंडाला फडकं असं गुंडाळतात की नुसते डोळे दिसतात. त्यांना विचारलं तर त्या याला सौंदर्य वगैरे म्हणणार नाहीत, 'ऊन लागतंय' एवढंच म्हणतील. एप्रिलमध्ये इथला पारा चाळिशीला टेकतो आणि त्या फडक्याइतकं भरवशाचं काही अजून माझ्या बघण्यात नाही. भाची स्कूटीवर स्टोल बांधते तो धुळीसाठी. मी म्हटलं, दोन्हींसाठी बांध, आणि क्रीम लावायचं तर हरभऱ्याएवढं नको, तर्जनी आणि मधलं बोट भरून घे. डबीवर लिहिलेला आकडा तेवढ्या मापानंच मिळतो.

रेटिनॉलची बाटली तिनं स्वतःहून बाजूला ठेवली. पहिले काही आठवडे तिनं कातडी कोरडी पडते, सोलते. लग्नाच्या फोटोत ते नको. व्हिटॅमिन सीचा रंग मात्र आम्हाला खटकला. चिरून ठेवलेलं सफरचंद काळपटतं तसं ते हवेनं तपकिरी होतं, आणि ही बाटली उघडायच्या आधीच चहाच्या रंगाची होती. ती परत पाठवायच्या डब्यात गेली. उरलं नायसिनामाइड आणि सॅलिसिलिक. नायसिनामाइडवर १० टक्के लिहिलेलं. यावरचे बरेचसे अभ्यास चार-पाच टक्क्यांवर झाले आहेत. दहा म्हणजे दुप्पट गुण असं काही नाही, पण 'दहा' वाचलं की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. मीठ दुप्पट घातलं म्हणून आमटी दुप्पट चांगली होत नाही, हे मात्र आपल्याला न शिकवता कळतं.

तिच्या आईचा रात्री फोन आला. तिला सगळं ऐकवल्यावर ती म्हणाली, "ताई, कशाला एवढं? थोडा महाबळेश्वरचा मध लावायचा, बास." मध चांगलाच. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, आणि आमच्या घरी मध तिकडचाच येतो. पण मीही हट्टाला पेटलेली. म्हटलं, मधही आधी कोपराला.

सोमवारी रात्री भाचीनं उजव्या कोपराच्या आत नायसिनामाइडचा एक थेंब लावला, भोवती पेनानं गोल काढला आणि बाटलीवर तारीख लिहिली. डाव्या कोपराला मी मध लावला. स्वतःच्या, बरं का. पंचावन्न वर्षं झाली, मी कधी बघितलंच नव्हतं.

आज तिसरा दिवस. तिच्या गोलात काही नाही. माझ्या गोलाला सकाळपासून मुंग्या लागल्या आहेत.